चढ, उतार, चढ

१

दुपारचे चार वाजले की निशिगंधा हातातलं काम जिथल्या तिथे टाकायची. कणीक अर्धवट मळलेली असो, ऑफिसची मीटिंग लॅपटॉपवर चालू असो, चार म्हणजे चार. हात धुवायचे. पलंगाच्या पायथ्याचं हँडल फिरवून आईचं डोकं वर घ्यायचं. नाकातली नळी जागेवर आहे ना ते बघायचं. आईच्या डाव्या हातात जाड कापडी मोजा चढवायचा आणि त्याच्या पट्ट्या पलंगाच्या कठड्याला बांधायच्या. मग अक्षरांचा बोर्ड घेऊन समोर स्टुलावर बसायचं.

सीवूड्समधल्या त्या सातव्या मजल्यावर दोन महिने हा नेम चालला होता. देवापाशी दिवा लावायचा एखाद्या दिवशी राहून जाई, बोर्ड राहत नसे.

आई म्हणजे काशीबाई. करावे गावात उभा जन्म काढलेली. लग्नाआधी मिठागरात राबली, नंतर मासळीच्या पाटीवर. आवाज असा, की या आळीतून हाक मारली तर त्या आळीतलं झोपलेलं कुत्रं उठून बसावं. त्या आवाजाचं आता काही उरलं नव्हतं. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू नेली, जीभ नेली, गिळणंसुद्धा नेलं. राहिले डोळे. वर बघितलं की 'हो', मिटून घेतले की 'नाही'. आणि राहिला डावा हात. त्याची बोटं सदा कसला तरी चाळा करत असायची. हॉस्पिटलात त्याच हाताने तिने दोनदा नळी उपसली होती, म्हणून तो मोजा.

"तो हात मनावर नका घेऊ," स्पीच थेरपिस्ट क्षिप्रा पहिल्याच दिवशी म्हणाली होती. खारघरहून स्कूटरवर येणारी, भराभरा बोलणारी, गुणी मुलगी. "मूव्हमेंट आहे, पण त्याला मीनिंग नाहीये. आपलं सगळं लक्ष डोळ्यांवर. काकू डोळ्यांत आहेत, ओके?"

निशिगंधाने ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं जपून ठेवलं. आई डोळ्यांत आहे.

२

बोर्ड पलंगाबरोबर आला होता. पलंग भाड्याचा. आजारी माणूस घरी आणायचं म्हटलं की पलंग, हवेची गादी, सलाइनचा स्टँड सगळं भाड्याने मिळतं, एकाच्या घरून निघालेलं दुसऱ्याच्या घरी जातं. दोन माणसांनी पलंग जोडून दिला, सही घेतली आणि ते गेले. नंतर चादर घालताना निशिगंधाला डोक्याकडच्या पत्र्यामागे दोरीला अडकवलेला तो बोर्ड दिसला. वहीपेक्षा थोडा मोठा, लॅमिनेट केलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. पाच ओळींत इंग्रजी अक्षरं. काही अक्षरांवरची चमक बोट फिरवून फिरवून गेलेली.

"अरे वा, बोर्डपण दिलाय!" क्षिप्रा खूश झाली. "माझा आणायचं टेन्शन गेलं."

"मराठीत नसतो का असा?"

"असतो ना. पण काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं. एका शब्दाला अर्धा तास जाईल, काकू दमतील. काकूंना एबीसीडी येते?"

"येते," निशिगंधा म्हणाली. ते खरंच होतं.

पद्धत सोपी होती. ओळीवर बोट ठेवायचं, आईचे डोळे वर गेले की ती ओळ. मग ओळीतल्या एकेका अक्षरावर बोट. आई चार अक्षरांत दमायची. "अशा पेशंटचा आख्खा शब्द येत नाही," क्षिप्राने समजावलं. "अक्षरं येतात, तीपण पुढेमागे. मग ही साइट बघा. मिळालेली अक्षरं इथे टाकायची. ती अक्षरं ज्यांच्यात आहेत असे सगळे इंग्लिश शब्द खाली येतात. तुम्ही वाचत जायचं, काकू हो म्हणतील तिथे थांबायचं. गेमसारखं आहे बघा."

पहिल्या दिवशी टी, एस, आर, एच एवढीच आली. निशिगंधाने ती फोनमध्ये टाकली आणि मोठ्याने वाचायला लागली. शर्ट. शॉर्ट. थर्स्ट. तिसऱ्या शब्दाला डोळे वर गेले.

"तहान लागलीय तुला?" तिला हुंदकाच आला. तिने लगेच नळीतून पाणी सोडलं. सदतीस दिवसांनी आईने काहीतरी मागितलं होतं.

रात्री जेवताना नवऱ्याला, तेजसला, सांगितलं तेव्हा तोही घास हातात धरून बसला. मग सहज म्हणाला, "पण आईंना थर्स्ट शब्द माहीत होता?"

"टीव्हीवर ऐकला असेल."

"असेल," तेजस म्हणाला. "मेंदू काय काय साठवून ठेवतो, कुणी बघितलंय."

३

आईची एबीसीडी ही काही शाळेतली नव्हती. आई चौथीत शाळेतून निघालेली. निशिगंधा पहिलीत गेली तेव्हा घरात इंग्रजी येणारं कुणीच नव्हतं. मग आईच तिच्याबरोबर शिकली. ओट्यावर कोलंबी सोलत बसायची, भिंतीवर तक्ता टांगलेला, आणि अक्षरं तिने तिच्या हिशेबाने ओळखीची करून घेतली. एस म्हणजे वाम, पाण्यात वळवळणारी. ओ म्हणजे अंडं. टी म्हणजे वल्हं. आणि एन, पोरीच्या नावाचं अक्षर, म्हणजे मिठागराचा बांध. मासळीचा वास येणाऱ्या ओल्या बोटाने ती निशिगंधाच्या तळहातावर काढून दाखवायची, "चढ, उतार, चढ. झालं तुजं नाव." अक्षरं सगळी यायची तिला. त्यांचे शब्द मात्र कधी झाले नाहीत, आणि व्हायला हवेत असं तिला वाटलंही नाही.

कॉलेजात गेल्यावर निशिगंधाने 'आये' म्हणायचं सोडलं आणि 'आई' म्हणायला लागली. काशीबाई एकदाच हसली होती, "मोठी झाली माजी पोर."

दुसऱ्या आठवड्यात डब्ल्यू, एन, डी, ओ आली आणि शब्द निघाला विंडो. निशिगंधाने तेजसच्या मदतीने पलंग खिडकीकडे वळवला. तिथून खाडी दिसते, तिवरं दिसतात, मान लांब केली तर करावे गावातल्या देवळाचा कळसही दिसतो. आई तिकडे बघत बसेल अशी तिची खात्री होती. आईने खाडीकडे बघितलंही नाही. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांवरून तिची नजर फिरत राहिली, एकेक मजला, एकेक खिडकी, कुणाचं घर शोधत असल्यासारखी.

मग एका दुपारी पी, एन, आय, ओ. निशिगंधाला हसूच आलं, कारण एसीच्या पेटीवर कबुतरं घुमत होती आणि आईचा कबुतरांवर फार राग. "पिजन ना?" डोळे मिटले. नाही. पॉइंट? नाही. पॉयझन, हा शब्द तिने घाईघाईने वाचला. नाही. ओपिनियन? नाही.

"पियानो," ती पुढचा शब्द नुसता म्हणायचा म्हणून म्हणाली.

डोळे वर गेले.

तिने पुन्हा विचारलं. डोळे पुन्हा वर गेले आणि तिथेच थांबले. मोज्यातला हात कठड्यावर आपटत होता, धप, धप. निशिगंधाने पट्टी जरा आवळली, नाहीतर आईच्या मनगटाला लागलं असतं.

काशीबाईने आयुष्यात पियानो बघितला नव्हता. पण थकलेला मेंदू, चुकीचा शब्द, होतं असं. क्षिप्रानेही फोनवर तेच सांगितलं. निशिगंधाने मान डोलावली आणि तो शब्द मनातून काढून टाकला. दोन महिन्यांत एवढं तरी मिळत होतं, त्यात खोट काढायची तिची ऐपत नव्हती.

४

खरं तर तिला आईकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती विचारायचं धाडस होत नव्हतं.

झटका आला त्या दिवशी सकाळी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "मना घरा जावाचं हाय," आईचा एकच धोशा. घर म्हणजे गावातलं. चालत दहा मिनिटं. पण ऑक्टोबरचं ऊन, ज्याच्यासाठी तिला इथे आणून ठेवलं होतं तो आईचा वाढलेला रक्तदाब, आणि निशिगंधाला बेलापूरच्या ऑफिसात दहाच्या आत पोचायचं होतं. "एक दिवस तरी गप घरात बस!" असं ओरडून ती बाहेर पडली आणि बाहेरून कडी घातली. रागाने घातली, काळजीने घातली, दोन्हीनेही असेल. दुपारी ऑफिसातून लावलेला आईचा फोन टेबलावर तसाच वाजत राहिला होता. संध्याकाळी सहाला दार उघडलं तेव्हा आई दारापाशीच पडलेली होती.

शेजारच्या सुचित्रावहिनी म्हणाल्या होत्या, दुपारी दोन-अडीचला धपधप आवाज येत होता, वाटलं तुमच्याकडे सुताराचं काम चाललंय. डॉक्टर म्हणाले होते, चार तास आधी आणलं असतं तर. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नव्हतं. कडीचं निशिगंधाने कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांना नाही, तेजसला तर नाहीच.

मग एका शुक्रवारी तिने ते आईला सांगितलं. आईला सगळं माहीतच होतं, तरी तिने पहिल्यापासून सांगितलं, मान खाली घालून. मग बोर्ड वर धरला. "आई, रागावलीयस ना माझ्यावर? काय असेल ते बोल. शिव्या घाल."

अक्षरं यायला वीस मिनिटं लागली. एफ. जी. व्ही. आर. फोनमधल्या यादीत शब्द थोडेच होते. फेव्हरिंग. फ्लेव्हरिंग. फरगेव्ह. फरगिव्हन.

डोळे वर गेले. दोन्ही कडांनी पाणी वाहायला लागलं.

निशिगंधा पलंगाच्या कठड्यावर डोकं टेकून रडली. पोट दुखेपर्यंत रडली. माफ केलं, आईने माफ केलं. त्या रात्री, आईच्या झटक्यानंतर पहिल्यांदा, तिला गाढ झोप लागली. तो मोजा सोडायचाही ती विसरली, सकाळी बघितलं तर मनगटावर लाल वळ उठला होता.

५

माफी मिळाल्यावर माणसाला बदल्यात काहीतरी द्यावंसं वाटतं. दुसऱ्या दिवशी निशिगंधा उत्साहाने म्हणाली, "आई, तुला गावातल्या घरी नेऊ? अँब्युलन्स बोलावते. ओट्यावर बसू आपण."

डोळे मिटले. नाही.

तिला वाटलं ऐकू आलं नसेल. पुन्हा विचारलं. डोळे अजून घट्ट मिटले. ज्या घरासाठी एवढं रामायण झालं, त्याला नाही?

आर, एम, एन. यादी लांबलचक होती. मॉर्निंग. परमनंट. गारमेंट. रिमेन.

"राहायचंय तुला? इथेच?"

डोळे वर. आईचा चेहरा उजवीकडून ओघळलेला होता, पण डोळ्यांत असं काही आर्जव होतं की निशिगंधाचं काळीज हललं. आई कधी काही मागणारी बाई नव्हती. "राहा ना," ती म्हणाली. "विचारतेस काय? हे घर तुझंच आहे. कायमची राहा. मी कुठेही पाठवत नाही तुला."

खोलीत एकदम शांत वाटलं. एसीवरची कबुतरं उडून गेली होती का? मग तिच्या लक्षात आलं, की मोज्याची धपधप थांबली होती. इतक्या दिवसांत बोर्ड समोर असताना ती धपधप कधी थांबली नव्हती. सवयीने तिला ती ऐकूच येईनाशी झाली होती.

"बरं वाटतंय त्यांना," तेजस म्हणाला. "शांत झाल्यात."

६

पुढच्या मंगळवारी यशोदाबाई आल्या. आईची गावातली जुनी मैत्रीण, दोघींनी तीस वर्षं शेजारी शेजारी पाटी लावली होती. पिशवीत सुकट, केसांत अबोलीचा गजरा. आल्या त्या सरळ पलंगापाशी गेल्या आणि चेहऱ्यावर वाकल्या.

"काशे, मी यशोदा गो. सुकट आनलंय तुझ्यासाठी. खाशील तवा खा, वास तरी घे."

आईचे डोळे त्यांच्यावरून सरकले आणि निशिगंधावर येऊन थांबले. पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच. परक्या पाहुण्याला आपण जसं नीट बसवून घेतो आणि मनातून तो उठायची वाट बघतो, तसे ते डोळे होते.

यशोदाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग पदर खोचून स्टूल ओढलं, ते चेहऱ्याकडे नाही, कठड्याकडे. कापडी मोजा दोन्ही हातांत धरला आणि त्याच्याशी बोलायला बसल्या. कुणाच्या सुनेला काय झालं, कुणाची होडी विकली, खाडीत या वर्षी निवट्या कशा मिळेनात. अर्धा तास. आईच्या तोंडाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

निशिगंधाला राग आला. "मावशी, तो हात नुसता हलतो. त्यात काही नाही. आई डोळ्यांनी बोलते."

"डोल्यांनी?" यशोदाबाई उठल्या. दाराशी चपला घालताना त्यांनी आवाज एकदम खाली आणला, आत कुणी ऐकू नये असा. "ती मना वलखत नाय, पोरी. हात वलखतो. तो मोजा सोर."

७

निशिगंधाने मोजा सोडला तो त्यांचं म्हणणं पटलं म्हणून नाही. ते खोटं ठरवायचं होतं म्हणून.

हात बारीक झाला होता, घामाने पांढुरका पडलेला. तिने तो आपल्या तळहातावर ठेवला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तर्जनी हळूच सरकली. वर. तिरकी खाली. पुन्हा वर.

थांबली. पुन्हा तेच. वर, खाली, वर.

चढ, उतार, चढ.

कोलंबीचा वास असलेलं ते ओलं बोट, तो ओटा, तो तक्ता. दोन महिने आई तिला नावाने हाक मारत होती. आणि ती रोज चार वाजता, नेमाने, त्या हाताच्या तोंडावर मोजा बांधत होती. दारावरची धपधप सुताराची वाटली होती, आणि ही धपधप नुसता चाळा.

तिने हळूहळू मान वर केली. आईचे डोळे तिच्याकडेच बघत होते.

"आये," ती म्हणाली. कित्येक वर्षांनी म्हणाली. "आये, वाम कंची? दाखव."

तिने बोर्ड वर धरला. डोळे हलले नाहीत. तिने एसवर बोट ठेवलं, तरी नाही. "वल्हं? अंडं?" डोळ्यांत नुसती वाट बघणारी माया होती, परकी भाषा ऐकून घेणाऱ्या माणसाची. तिच्या तळहातावर मात्र बोटाने कसंबसं एक वळण काढलं, मग उलटं दुसरं. वाम.

तिचं मन अजून वाद घालत होतं. मेंदूच्या दोन बाजू असतात, एकीला एक आठवतं, दुसरीला दुसरं, क्षिप्राला विचारायला हवं. तिने बोर्ड उलटा करायला घेतला आणि खिडकीतल्या उन्हात तो तिरका झाला. घासलेली अक्षरं तेवढी चमकली नाहीत. ती आठच होती. बाकीची जवळजवळ नवीकोरी, आणि ही आठ पार खरवडलेली, जणू कुणी वर्षानुवर्षं तेवढीच मागत होतं. ए, डी, ई, जी, एच, आर, टी, यू.

मन नको म्हणत असतानाही तिने ती फोनमध्ये टाकली. पाच-सातच शब्द आले. एक-दोन भलतेच होते. बाकी सगळे एकाच शब्दाचे. डॉटर. डॉटर्स. स्टेपडॉटर. ग्रँडडॉटर.

ती काही बोलली नव्हती. बोर्ड उलटा मांडीवर होता. तिने वर बघितलं तेव्हा आईचे डोळे वर गेलेले होते, छताला लागलेले, आणि पाणी वाहत होतं.

"तुम्ही कोण?" निशिगंधा म्हणाली. स्वतःच्या आईच्या तोंडाकडे बघून तिच्या तोंडून 'तुम्ही' निघालं, आणि ते निघाल्यावर परत घेता आलं नाही. "मी तुमची मुलगी नाही हो. तुमची मुलगी दुसरी कुणीतरी. तिला माफ केलंत ना तुम्ही? मला नाही ना केलं?"

डोळे मिटले. कशाला नाही म्हणाले, ते तिला कळलं नाही. मिटले आणि उघडले, आणि पुन्हा तिच्यावर येऊन थांबले, इतक्या प्रेमाने की तिला ओरडावंसं वाटलं.

८

तेजस धावत घरी आला तेव्हा बोर्ड खाली सुक्या कचऱ्याच्या डब्यात होता आणि निशिगंधा फोनवर पलंगवाल्याशी भांडत होती. तो बिचारा म्हणत होता, ताई, बेड सोमवारी बदलून देतो, आज माणूस नाही, आणि बोर्डबिर्ड आम्ही देत नाही.

"आईला खाली घे," ती तेजसला म्हणाली. "या पलंगावरून खाली घे. आत्ता."

"निशी, तू दोन मिनिटं बस. पाणी पी."

"तेजस, मी बाहेरून कडी घातली होती. त्या दिवशी. आई दार वाजवत होती आणि मी कडी घातलेली होती." ती एका दमात बोलली. "आता तरी मला उघडू दे."

कडीबद्दलचं बोलणं पुढे कधीतरी होणारच होतं. त्याने बाह्या वर केल्या आणि दोघांनी काशीबाईला चादरीसकट उचलून खिडकीखाली गादीवर ठेवलं. नळी सांभाळून, मान सांभाळून. मग तो क्षिप्राला फोन करायला आतल्या खोलीत गेला.

बाहेर उतरतं ऊन होतं. खाडीवरून खारा वारा येत होता. निशिगंधा जमिनीवर बसली, डावा हात दोन्ही हातांत घेतला, वळावरून अंगठा फिरवला. हात गार होता. राहा ना, असं ती म्हणाली होती. कायमची राहा. ते आता कसं मागे घ्यायचं, कुणाकडे?

"आये, मी हाय," ती म्हणाली. "मोजा काढला. कडी काढली. उद्या घरा जाऊ आपन. ओट्यावर बसू. तू मना शिव्या दे, मार, माफ करू नको. फक्त हाक मार एकदा."

तिने तळहात पसरून त्याखाली धरला. वाट बघितली. आतल्या खोलीत तेजस हळू आवाजात बोलत होता. समोरच्या इमारतीत कुणीतरी पियानो वाजवायला बसलं होतं, एकच एक सूर पुन्हा पुन्हा, शिकणारं मूल असावं. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

बोट हललं.

चढलं, फार हळू, दमलेल्या माणसाने बांध चढावा तसं. वर पोचलं. मग तिरकं उतरलं. तळहाताच्या मधोमध येऊन थांबलं.

"चढ," निशिगंधा कुजबुजली. "आये, चढ. एवढंच राहिलं."

बोट तिथेच राहिलं. एक मिनिट झालं, दोन झाली. मग ते बोट नुसतं बोट झालं, तिच्या हातावर ठेवलेलं वजन.

"आये? हायस ना?"

काही नाही.

तिला वर बघायचं नव्हतं. तरी शेवटी तिने तोंड वर केलं. उघडे, ओले, प्रेमळ डोळे तिच्या तोंडाकडे लावून वाट बघत होते, ती काय विचारते याची.

"गेली?" निशिगंधाने विचारलं.

डोळे सावकाश वर गेले.